तीर, तुक्का आणि बुडखा

महसूल खात्याच्या चाकरीत ज्याने तेहतीस वर्षे घालविली, त्याचा अरण्याशी आलेला संबंध मुख्यत्वेकरून कागदोपत्रीच असतो. झाड म्हणजे सातबाऱ्याच्या रकान्यातील एक आकडा, डोंगर म्हणजे पोटखराबा, आणि वनश्री म्हणजे आपल्या आधीच्या तीन कारकुनांनी सुरू करून ठेवलेला व आपल्या पश्चात आणखी तिघांना पुरून उरेल असा वनखात्याशी चाललेला पत्रव्यवहार, एवढेच वनस्पतिशास्त्र मला ठाऊक होते. अशा मनुष्याने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, साता समुद्रांपलीकडे, मिशिगन राज्यातील एका रानात, हाती धनुष्य व कमरेस भाता घेऊन गुडघ्यांवर रांगत पालापाचोळा उपसावा, हा योग माझ्या पत्रिकेत कोणत्याही ज्योतिष्याने वर्तविलेला नव्हता. आणि वर्तविला असता तरी त्याची दक्षिणा मी खचित बुडविली असती.

आमचे चिरंजीव डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतात. त्यांच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ आहेत. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवून ते निवृत्त झाले असून, चार महिन्यांच्या मुक्कामात कुंपणावरून हवापाण्याच्या गोष्टी करता करता माझी व त्यांची बऱ्यापैकी मैत्री जमली होती. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे वैशाखवणव्याने जीव नकोसा होतो आणि तिकडे झाडांना नुकती कोठे पालवी फुटू लागते अशा सुमारास, त्यांनी मला विचारले, “उद्या मी स्टंप शूटिंगला चाललो आहे. येता का बरोबर?” स्टंप हा शब्द आमच्या पिढीतील मराठी माणसाच्या कानी पडला, की त्याच्या डोळ्यांपुढे तीन यष्ट्या उभ्या राहतात; आणि शूटिंग म्हटले की त्यास सिनेमा आठवतो. तेव्हा क्रिकेटवरील एखाद्या चित्रपटाचे चित्रण जवळपास कोठे तरी चालू असावे, असा तर्क करून मी मोठ्या हौसेने होकार देऊन बसलो.

खुलासा रात्री जेवताना झाला. “बाबा, स्टंप म्हणजे झाडाचा बुडखा,” चिरंजीव म्हणाले. “रानात हिंडायचं आणि कुजलेल्या बुडख्यांवर बाण मारायचे. त्यांच्याकडं जुन्या पद्धतीची लाकडी धनुष्यं आहेत.”

“पण त्या बिचाऱ्या बुडख्यांनी ह्यांचं काय घोडं मारलंय?” आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

तथापि एकदा दिलेला शब्द मागे घेणे प्रशस्त नव्हे, म्हणून पहाटे सर्व जामानिमा करून मी दाराशी उभा राहिलो. थंडी असेल म्हणून सौ.ने स्वतः विणलेली तांबडी माकडटोपी माझ्या मस्तकावर चढविली होती. तिला पांढरा गोंडा होता व खाली निळा मफलर. मला पाहताच शेजाऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोठ्या अदबीने निवेदन केले, की सध्या तिकडे टर्कीच्या शिकारीचा हंगाम चालू आहे. वसंतात नर टर्कीच्या डोक्या-मानेवर तांबडा, पांढरा आणि निळा असे तीन रंग चढतात. झुडपात दडून बसलेला बंदूकवाला नेमके तेच तीन रंग हुडकीत असतो. यास्तव या दिवसांत कोणीही शहाणा मनुष्य ते रंग अंगावर घालून रानात पाऊल टाकीत नाही. त्यांच्या राष्ट्रध्वजाचेही हेच तीन रंग आहेत, हे मी ओठांवर आलेले परत गिळले. आमच्या कुटुंबाने महिनाभर खपून सिद्ध केलेली कलाकृती ही टर्कीच्या मुंडक्याची हुबेहूब नक्कल ठरावी, हा प्रसंग घरगुती दृष्टीने फार नाजूक होता. मी टोपी खिशात घातली, शेजाऱ्यांनी दिलेली मातकट टोपी डोक्यावर ठेवली, आणि त्यांच्याच आज्ञेवरून विजारीचे पाय मोज्यांत खोचले. कारण तेथील गोचीड हा प्राणी आकाराने तिळाएवढा असला तरी त्याच्या दंशापासून लाइम नावाचा सांधे धरणारा ज्वर जडू शकतो. सांधे धरण्यासाठी मला बाहेरून मदतीची गरज नव्हती.

आम्हांस जायचे होते ते ग्रेलिंग गाव उत्तरेस सुमारे ३२० किलोमीटरवर आहे. ग्रेलिंग हे मुळात एका माशाचे नाव. एके काळी तेथल्या नद्यांतून हा मासा विपुल होता. पुढे लाकूडतोडीने नद्यांचे काठ उघडे पडले, ओंडके वाहवून वाहवून पात्रे खरवडली गेली, मासेमारीला ताळतंत्र राहिले नाही, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत मिशिगनमधून तो नामशेष झाला. गाव मात्र त्याचे नाव लावून बसले आहे. वडगावात वड नसावा आणि पिंपळगावात पिंपळ शोधावा लागावा, याची सवय असलेल्या मला हे ऐकून एकदम घरी आल्यासारखे वाटले.

परंतु शेजाऱ्यांच्या लेखी ग्रेलिंगचे माहात्म्य माशामुळे नव्हे. वाटेत त्यांनी मला आपली गुरुपरंपरा सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा स्वर असा काही बदलला, की त्या क्षणापासून मी त्यांना मनातल्या मनात आचार्य म्हणू लागलो. कॅलिफोर्नियात १९११ साली ‘याही’ नावाच्या जमातीचा अखेरचा पुरुष एकाकी, भुकेलेला असा ओरोव्हिल गावी प्रकट झाला. स्वतःचे नाव स्वमुखाने सांगणे त्याच्या लोकांत शिष्टसंमत नव्हते, म्हणून जग त्यास ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत नुसता ‘माणूस’, या नावाने ओळखते. (पतीचे नाव न घेण्याची चाल आपल्यात होती, इशी त्याहून एक पायरी वरचा.) सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्यापाशी धनुर्विद्या शिकले. इशी १९१६ साली क्षयाने वारला. पोप यांचे सहकारी आर्थर यंग यांनी आपल्या अलास्कातील शिकारीचा चित्रपट गावोगाव दाखविला. तो १९२७ साली डेट्रॉइटमध्ये फ्रेड बेअर नावाच्या तरुणाने पाहिला आणि तो वेडावला. या बेअरसाहेबांनी १९३३ साली धनुष्ये-बाण करण्याचा उद्योग आरंभिला व १९४७ साली तो ग्रेलिंगला नेला. आचार्यांचे धनुष्य त्याच कारखान्यातले होते. इशी, पोप, यंग, बेअर, आचार्य, आणि त्यांच्यानंतर महसूल खात्यातील निवृत्त अव्वल कारकून. कोणत्याही संप्रदायाचा ऱ्हास यापेक्षा झपाट्याने झाला नसेल.

तिरकमठा मला अगदीच अपरिचित होता असे नाही. लहानपणी बांबूच्या कामठीस सुतळी बांधून, खराट्याच्या हिरांचे बाण करून, मी माजघरातील दळणाच्या पाटीवर अनेक मोहिमा केल्या होत्या. पण येथे पहिलाच प्रसंग धनुष्यास दोरी चढविण्याचा आला. आणि सीतास्वयंवरात रावणाची जी फजिती झाली तिच्याविषयी माझ्या मनात प्रथमच सहानुभूती उत्पन्न झाली. अखेर आचार्यांनी दोन्ही टोकांस एक दोर अडकवून, तो पायाखाली दाबून, धनुष्य असे अलगद वाकविले, की जनकाच्या दरबारी ही युक्ती कोणास ठाऊक असती तर रामायणाचे बरेचसे कांड वाचले असते. माझ्यासाठी त्यांनी नातवाचे पंचवीस पौंडांचे धनुष्य आणले होते. दोरी अठ्ठावीस इंच मागे आली असता बोटांवर तेवढा भार येतो, असा या आकड्याचा अर्थ. माझ्या हाती ती बावीस इंचांवर येऊन थबके व तेथे आम्ही उभयता थरथरत राहत असू.

दोरी ओढावयाची ती तीन बोटांनी: एक बाणाच्या वर, दोन खाली. अंगठ्यास काही कामच नाही! हे ऐकून मी स्तंभित झालो. द्रोणाचार्यांनी गुरुदक्षिणा मागितली तेव्हा एकलव्य जर या पद्धतीने बाण सोडीत असता, तर त्याने अंगठा हसत हसत काढून दिला असता, आणि कुरुकुलाच्या राजगुरूंना आपली फसवणूक झाल्याचे कळावयास पुढचे पर्व उजाडले असते. महाभारतकार अर्थात वस्ताद आहेत; अंगठा गेल्यावर एकलव्य बोटांनी बाण सोडू लागला पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, अशी नोंद त्यांनी करून ठेवलीच आहे. मी ही कथा सांगताच आचार्य थोडा वेळ स्तब्ध राहिले आणि म्हणाले, “इशी मात्र अंगठ्यानेच दोरी ओढीत असे. पोप आणि यंग यांनी ते घेतले नाही. ते इंग्रजी पद्धतीने तीन बोटांनीच ओढीत.” म्हणजे येथेही अंगठा परंपरेच्या मुळाशीच राहिला होता.

बाणांना पोलादी अणी नव्हती. टोकाशी बोथट बोंड, आणि त्याच्याभोवती चार कमानीदार तारा. बाण गवतात सुळकन शिरून गडप होऊ नये, तारा गवतात अडकून तो जागच्या जागी उभा राहावा, अशी योजना. मी तो बाण न्याहाळीत असता माझ्या मस्तकात लख्ख प्रकाश पडला. ‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ असे आपण जन्मभर म्हणतो. तुक्का म्हणजे मुळात अणी नसलेला बोथट बाणच की! आयुष्यात परीक्षांपासून लग्नापर्यंत जे जे मी केले, ते कोणत्या आयुधाने केले, ते त्या दिवशी प्रथम हाती धरून पाहावयास मिळाले.

सरकारी आधार असल्याखेरीज कोणतेही कृत्य मला करवत नाही. बुडख्यांवर बाण मारण्यास काही पूर्वाधार आहे काय, असे मी विचारले. आणि आश्चर्य असे की तो होता. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या १५४१ सालच्या कायद्याने चोवीस वर्षांखालील तरुणांस एका जागी रोवलेल्या खुणेवर सराव करण्याची मनाई होती. त्यांनी रानोमाळ फिरत, दर बाणास नवे लक्ष्य नवे अंतर, असाच सराव करावा, असा हुकूम होता. चोवीस वर्षांवरील इसमाने मात्र हलक्या सरावी बाणांनी दोनशे वीस यार्डांच्या आतील खूण मारू नये, असेही त्यातच एक कलम. मला चोविशी उलटून चव्वेचाळीस वर्षे झाली होती आणि आम्ही वीस पावलांवर उभे होतो. तो कायदा मिशिगनमध्ये जारी नाही, याची खात्री करून घेऊनच मी दोरीस हात घातला.

या प्रांती बुडख्यांची ददात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगनचा पांढरा पाइन वृक्ष असा काही तोडला गेला, की लाकडाच्या उत्पन्नात हे राज्य कित्येक वर्षे साऱ्या देशात अग्रेसर होते. ग्रेलिंगजवळ हार्टविक पाइन्स नावाच्या उद्यानात ४९ एकरांचा एक जुना तुकडा काय तो शिल्लक आहे. बाकी सर्वत्र ठिकठिकाणी काळे पडलेले, शेवाळलेले, मध्ये पोकळ झालेले बुडखे अजून उभे आहेत. एखाद्या वतनदाराचे वतन खालसा झाल्यावरही तो जसा दारात पगडी घालून बसून राहतो, तसे.

खेळाचा नियम साधा. एकाने बुडखा नेमावा, दोघांनी एकेक बाण मारावा, ज्याचा बाण जवळ पडेल त्याने पुढचा बुडखा नेमावा. मागे मातीचा उंचवटा असल्याखेरीज बाण सोडावयाचा नाही, आणि आकाशाकडे तर कदापि नाही. आचार्यांचा पहिला बाण ‘थप्प’ असा आवाज करून बुडख्याच्या मध्यभागी बसला. माझा बाण बुडख्याच्या चार हात डावीकडून निघून उताराला लागला.

तो शोधण्यासाठी मी खाली उतरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. उतारभर पांढरी फुले पसरली होती; तीन पाने, तीन पाकळ्या, सगळा हिशेब तिनाचा. ट्रिलियम, असे वरून आचार्य ओरडले. झाडांना पाने फुटून सावली धरण्यापूर्वी जे दोनचार आठवडे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, तेवढ्यात उगवून, फुलून, आपला संसार आटोपता घेणारी ही वनस्पती. बी रुजल्यापासून पहिले फूल येईपर्यंत तिला सात किंवा अधिक वर्षे लागतात आणि तिचे बी मुंग्या वाहून नेतात. सात वर्षे प्रकरण दाबून ठेवायचे, मुंग्यांच्या पावलांनी पुढे सरकवायचे, आणि निकाल पंधरा दिवसांत गुंडाळायचा: ही कार्यपद्धती मला इतकी ओळखीची वाटली की माझे डोळे पाणावले.

दुसऱ्या बुडख्यापाशी आचार्यांचा पुन्हा ‘थप्प’. माझा बाण एका फांदीस लागून उडाला आणि झुडपांच्या बेचक्यात शिरला. तेथे मी ओणवा होऊन चाचपडत असता हातास काही गुळगुळीत लागले, आणि मी हरिणाचे एक शिंग उचलून धरले. आचार्य धावत आले. आमच्या सफरीचा दुसरा हेतू तोच होता: पाहणी. हरिणांचा धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. पण गेल्या शरदातील खुणा गवत माजण्यापूर्वीच दिसतात, आणि आज रान तुडविले तरी ऑक्टोबरपर्यंत हरिणे ते विसरतात. म्हणून जाणता शिकारी वसंतात फिरून घेतो. मग त्यांनी त्या जागेचा जो पंचनामा केला, तसा आमच्या कचेरीत कोणा सर्कल इन्स्पेक्टराने केलेला मी पाहिला नाही. ही शिंगे घासून साल सोललेली झाडे. ही ओकच्या फळांकडे जाणारी पायवाट. येथे गवत दबले आहे, हे बसण्याचे ठिकाण. नर दरसाल हिवाळ्यात शिंगे टाकतो व नवी उगवतो, आणि उंदीर-खारी ती टाकलेली शिंगे चुन्याच्या लोभाने कुरतडतात. या शिंगाच्या टोकाशी तसे दात उमटलेले होते. मला आमच्या आजीची सहाण आठवली. कोणाच्या गुडघ्यास सूज आली की ती सांबरशिंग उगाळून लेप देई. आता आपल्याकडे पडलेले शिंगसुद्धा सरकारजमा असते, तेव्हा गुडघ्यांनी सुजावे तरी कशाच्या भरवशावर?

“तीस वर्षे मी या टेकडीवर येतो,” आचार्य शिंगाकडे पाहत म्हणाले, “पण त्या झुडपात शिरलो नव्हतो.” मी विनयाने गप्प राहिलो.

तिसरा बाण एका वठलेल्या एल्म वृक्षाच्या मुळाशी पडला. तेथे पानांत बोटभर उंचीची, मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार टोपी घातलेली अळंबी उभी होती. एक नव्हे, मोजून तेवीस. आपल्याकडे हिमालयातून येणारी आणि सोन्याच्या भावाने विकली जाणारी गुच्छी, तिचीच ही बहीण. ती पाहताच आचार्यांनी प्रथम चहूकडे पाहिले, मग आवाज खाली आणला. पुरलेले धन आणि अळंब्यांची जागा यांविषयी मनुष्य सख्ख्या भावाशीही मोकळेपणाने बोलत नाही. त्यांनी एक अळंबे उभे चिरून दाखविले. आत टोपीपासून देठापर्यंत सलग पोकळ असेल तरच खरे, एरवी ते दुसरेच आणि घातकी. खरे असले तरीही शिजविल्यावाचून खावयाचे नाही. पोकळपणा हा अस्सलपणाचा दाखला मानणारी परीक्षा मी लोकसेवा आयोगाबाहेर प्रथमच पाहिली. टोपल्या नव्हत्या. सौभाग्यवतींची तांबडी माकडटोपी अखेर कामास आली, आणि काठोकाठ भरली.

असे करता करता आठव्या बुडख्यापाशी नवल घडले. माझा बाण लागला. ‘थप्प’ हा आवाज माझ्याही बाणाने झाला. आचार्यांनी माझी पाठ थोपटली. मी ऐटीत चालत बुडख्यापाशी गेलो, बाण उपटला, आणि सवयीने भोवती पाहू लागलो. पण पाहण्याचे काही कारणच उरले नव्हते. बाण होता तो समोरच होता. पुढचा बुडखा नेमून आम्ही चालू लागलो, आणि वीस पावले गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की त्या बुडख्याभोवती काय होते हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. आचार्य तीस वर्षे असेच चालत आले असले पाहिजेत.

झाडावरच्या पक्ष्याची ती परीक्षा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अर्जुनास फक्त डोळा दिसला, तो उत्तीर्ण. युधिष्ठिरास झाड, फांद्या, पक्षी, भाऊ आणि स्वतः द्रोणाचार्य असे सगळेच दिसले, म्हणून त्यास बाजूस सारले. इतक्या वर्षांत या निकालावर फेरतपासणीचा अर्ज कोणी केला नाही. तो करावा, असे मला त्या टेकडीवर फार प्रकर्षाने वाटले.

नवव्या बुडख्यास माझा बाण पुन्हा चुकला, तो मात्र सापडला नाही. अर्धा तास आम्ही दोघे रांगलो. दलदलीतून लहान बेडकांचा घुंगरांसारखा नाद येत होता. अखेर ऊन कलले आणि आम्ही मोहीम आटोपती घेतली. घरी गोचिडांची झडती झाली. सौभाग्यवतींनी माकडटोपीत डोकावून पाहिले आणि त्या म्हणाल्या, “अहो, धनुष्यबाण घेऊन गेलात आणि भाजी घेऊन आलात?” तथापि कांद्या-लसणावर परतलेली ती भाजी आचार्यांच्या पत्नीने दोनदा मागून घेतली. रात्री मी रोजनिशीत दिवसाचा जमाखर्च मांडला: जमा, शिंग एक, अळंबी तेवीस, खर्च, बाण एक, बुडीत.

ऑक्टोबरात आम्ही परत आपल्या घरी असताना चिरंजीवांचा फोन आला. आचार्यांनी आवर्जून निरोप दिला होता. हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवशी त्याच टेकडीवर, त्याच नवव्या बुडख्यावर त्यांनी बाण सोडला, आणि कित्येक वर्षांत प्रथमच तो चुकला. तो हुडकण्यासाठी ते गुडघ्यांवर रांगत पानांत शिरले. त्यांचा बाण त्यांना सापडला नाही, माझा सापडला. पिसे झडली होती, बाकी शाबूत होता.

मी रोजनिशी काढली, मे महिन्यातील ते पान उघडले, ‘बुडीत’ या शब्दावर रेघ ओढली, आणि बाजूस शेरा मारला: ‘वसूल. आचार्यांच्या नावे बाण एक, येणे बाकी.’